झाकणावरची तीन पुस्तकं

दोष निम्म्याच्या वडिलांचा होता. मोठ्या काकांचाही होता, पण काकांचा दोष म्हणजे भिंतीतली ओल. सगळीकडे असते आणि बोट ठेवायला गेलं की जागा सापडत नाही. तेव्हा वडिलांचाच धरू.

वडील एका कचेरीत हेडक्लार्क. कचेरीत त्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. (दिवसभर गिळलेले सगळे 'नाही' ते संध्याकाळी घरी आणून सोडत.) बदली होऊन चाललेल्या हिशेबनिसाने त्यांना एक दिवस विचारलं, "साहेब, माझा फिशटँक न्याल का? फुकट देतो. फक्त जीव लावा." वडिलांना 'फुकट' एवढंच ऐकू आलं आणि ते 'हो' म्हणून बसले. टँकमध्ये काय आहे हे विचारायचं असतं, हे त्यांना सुचलंच नाही. मासे असणार. लाल, बोटाएवढे, दहाबारा. याच्या पलीकडे त्यांची कल्पनाशक्ती कधी गेली नव्हती.

रविवारी टेम्पो आला. चौघांनी मिळून काचेची टाकी वर चढवली, मागून पंप आला, दगड आले, प्लॅस्टिकचा एक जाड पाइप आला आणि सगळ्यात शेवटी झाकण दोरीने बांधलेली एक बादली आली. निम्म्याच्या आईने दोरी सोडली, आत पाहिलं, दोरी पुन्हा बांधली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

"काय झालं?" वडील म्हणाले.

"साप आहे."

वडिलांनी दोरी सोडली. आत हातभर लांबीचं, तपकिरी अंगावर पिवळेपांढरे शिंतोडे उडालेलं काहीतरी वेटोळं करून बसलेलं होतं. त्याने मान वर केली आणि वडिलांकडे बघत तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. तोंडात दात होते.

"वाम आहे ती, साहेब," टेम्पोवाला म्हणाला. "मासाच. समुद्रातला. चावते, तेवढं बघा." आणि तो पाण्याचा ग्लाससुद्धा न घेता जिना उतरला.

"ऐकलंस?" वडील स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "मासाच आहे."

"मासा माझ्याकडे बघून तोंड वासत नाही," आतून उत्तर आलं.

टाकी कुठे ठेवायची यावर चर्चा झाली नाही. पाण्याने भरली की तिचं वजन पाचसहा माणसांएवढं होणार, आणि खाली तुळई आहे अशी भिंत घरात एकच, निम्म्याच्या खोलीतली. निम्म्याला कुणी विचारलं नाही. घरात ज्याला पगार नाही त्याला विचारायची पद्धत नव्हती. त्याची कॉट खिडकीखाली सरकवली गेली. त्याने डोळे उघडले तेव्हा टाकी उभी होती. (तो झोपला होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याची बाजू घेऊन लिहायचं म्हणजे हेही लिहायला हवं.)

निम्म्या हे नाव काकांनी ठेवलेलं. पोरगं चित्रकलेच्या क्लासला निम्म्यात सोडून आलं, पोहायला निम्म्यात सोडून आलं, आणि इंजिनियरिंगचं एक वर्ष पास होऊन, दुसऱ्याला महिनाभर बसून, तेही सोडून आलं. का सोडलंस असं विचारलं की तो सांगे, "तिथे मास्तर फळ्याकडे बघून शिकवतात आणि पोरं मोबाईलकडे बघून शिकतात. दोन्ही बाजूंना माझी गरज नव्हती." खरं तर मित्राबरोबर सायकल दुरुस्तीचं दुकान काढायचं त्याने नक्की केलं होतं. गाळा बघून झाला होता. मित्र थांबला होता. घरात मात्र हा विषय काढला की वडील पेपर उलटा धरून वाचायला लागत.

टाकी भरायची वेळ आली तशी वडिलांनी डब्यातलं मीठ काढलं.

"बाबा, हे चालत नाही," निम्म्या मोबाईलमध्ये बघत म्हणाला. "समुद्राचं वेगळं मीठ मिळतं पाकिटात. ते मापून कालवायचं, पाणी एक दिवस मुरवायचं, मग भरायचं. आणि झाकण घट्ट लागतं. वर वजन हवं. बोटभर फट मिळाली तरी ही बाहेर येते."

"तू शिकवणार मला?"

"मग करा तुम्ही."

"मीच करणार. तुझ्यावर सोपवली तर निम्म्यात मरेल." वडिलांनी मीठ परत डब्यात ओतलं. "एक गोष्ट सांग मला, तू शेवटपर्यंत नेलेली. एक."

निम्म्याच्या डोक्यात सणक गेली. सणक गेली की तो खरं बोलतो. त्याचे सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

"ही वाम नेतो," तो म्हणाला. "कॉलेजने माझं नाव अजून ठेवलंय ना? परत यायची शेवटची तारीख तीन महिन्यांनी आहे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ही जिवंत राहिली तर कॉलेजचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. कुणीच."

"आणि मेली तर?"

"मेली तर त्याच दिवशी जाऊन ॲडमिशन घेतो. एक शब्द बोलणार नाही."

"आई साक्षीला आहे," वडील म्हणाले.

"मी कशालाही साक्षीला नाही," आई दारातून म्हणाली. "ते झाकण आधी बसवा."

झाकणावर ठेवायला वजन शोधलं गेलं. वरवंटा आई देईना. विटा ओल्या होऊन झिजतात असं वडील म्हणाले. (वडिलांना विटांची काहीही माहिती नव्हती.) शेवटी निम्म्याने कपाटातून दुसऱ्या वर्षाची तीन पुस्तकं काढली. यंत्रशास्त्राची, प्रत्येक उशीएवढी, कोरी करकरीत. झाकणावर ठेवली. झाकण जागचं हललं नाही. त्या पुस्तकांनी पहिल्यांदाच कुणाला तरी धरून ठेवलं होतं.

वामेचं नाव मॅडम पडलं. ते वडिलांच्या तोंडून पडलं आणि चुकून पडलं. कचेरीत वडिलांच्या वर एक मॅडम होत्या. वडील रजेचा अर्ज घेऊन समोर उभे राहिले की त्या मान वर करत, तोंड उघडत, काही न बोलता मिटत, आणि वडील अर्ज घेऊन परत येत. तिसऱ्याच दिवशी टाकीसमोरून जाताना वडिलांनी पाइपमधून बाहेर आलेलं ते तोंड पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "नाही मॅडम, काही नाही, सहजच." घरात हसायची पद्धत नव्हती, तरी आई हसली.

(वाम तोंड उघडते ती श्वास घ्यायला. कुणाला खायला नाही. निम्म्याने हे घरात सांगितलं. कुणाला पटलं नाही. आईचं म्हणणं, श्वास नाकाने घेतात.)

निम्म्याने त्या तीन महिन्यांत जे केलं ते त्याने इंजिनियरिंगसाठी केलं असतं तर आज पूल उभे असते. पाणी मापलं, खारटपणा मापला, पंपाची जाळी घासली. बदलायचं पाणी मुरवायला बाथरूममध्ये एक निळी बादली कायमची ठेवली आणि तिच्यावर खडूने लिहिलं, 'हात लावू नये.' आईने हात लावला. त्या पाण्यात वडिलांचा पांढरा शर्ट भिजवला. वाळल्यावर शर्ट आपल्या पायावर उभा राहिला. वडील तो घालून कचेरीत गेले आणि दिवसभर मान वळवू शकले नाहीत. कचेरीतल्या मॅडमना वाटलं, हेडक्लार्कला आज ताठा आलाय.

पण एक गोष्ट त्याच्या हाताबाहेर होती. वाम त्याच्या हातून खाईना. मासळीचा तुकडा चिमट्यात धरून तो पाइपच्या तोंडाशी हलवायचा. मॅडम वास घेत, तोंड उघडत, मिटत, आणि आत जात. एक आठवडा झाला, दुसरा झाला. निम्म्याच्या तोंडचं पाणी पळालं. वाम महिनाभर उपाशी राहू शकते असं वाचलं होतं, पण महिन्यानंतर काय होतं ते कुणी लिहिलं नव्हतं. आणि उपाशी म्हणावं तर ती दिवसेंदिवस जाड होत होती. आता ही सुजून मरणार, असं त्याने ठरवलं. घरात सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर वडिलांनी आधी कॉलेजला फोन केला असता.

एकदा सकाळी लवकर त्याला जाग आली. (कधी नव्हे ती. मोरीतलं भांडं पडलं म्हणून.) डोळे उघडणार तोच खोलीत आवाज आला आणि त्याने ते फटीएवढेच उघडले. टाकीसमोर स्टुलावर वडील बसले होते. आंघोळ झालेली, कचेरीचे कपडे, हातात चिमटा.

"घ्या मॅडम," वडील म्हणत होते. "खा. आणि ऐका. तीस वर्षं झाली मला. तीस वर्षांत मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर तुमचं तोंड असं होतं. का? मी माणूस नाही का? घरी माझा मुलगा आहे. तो माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे, मी त्याच्याशी काय बोलतो? पण असेल काही काम. तुम्हाला काय करायचंय? मला रजा पाहिजे. अर्धा दिवस. द्या."

मॅडमनी तोंड उघडलं. वडिलांनी तुकडा आत सोडला.

"हां," वडील म्हणाले. "थँक्यू."

निम्म्या पडून राहिला. त्याला जबर धक्का बसला होता, आणि धक्का नेमका कशाचा ते कळत नव्हतं. वाम सुजली नव्हती, ती रोज सकाळी पोटभर खात होती, हा एक. आपल्या बापाला बोलता येतं, हा दुसरा. आयुष्यभर समोरच्याला 'जी, जी' करताना पाहिलेला माणूस एका माशाला दम देत होता, आणि दम चांगला देत होता. उठून 'बाबा' म्हणावं असं त्याला एकदा वाटलं. मग वाटलं, राहू दे. तो कूस बदलून घोरायला लागला. खोटं घोरणं खऱ्यापेक्षा मोठं होतं हे त्याला माहीत नव्हतं. वडील चिमटा ठेवून चोरासारखे बाहेर गेले.

त्या दिवसापासून त्याने चिमटा हातात धरला नाही. पाणी त्याचं, खाणं वडिलांचं. दोघांनी याबद्दल एकमेकांना अवाक्षर सांगितलं नाही. त्या घरात एवढा मोठा सहकार याआधी झाला नव्हता.

शेवटची तारीख उजाडली. कॉलेजची खिडकी पाचला बंद होत असे. म्हणजे पाचनंतर निम्म्या मोकळा. मित्राचा सकाळीच फोन आला, "गाळ्याची किल्ली घेऊ का?" निम्म्या म्हणाला, "पाचला घे." मॅडम पाइपमधून तोंड काढून मजेत होत्या.

दुपारी दोनच्या सुमाराला मोठे काका आले. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून इतरांच्या आयुष्यांवर रुजू झालेले. काका आले की वडील आजही उभे राहतात. काकांसमोर वडिलांनी कधी खुर्चीला पाठ टेकलेली नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस.

"भाऊजी, चहा टाकते," आई म्हणाली. "निम्म्या, दूध संपलंय, खालून घेऊन ये."

निम्म्या दूध घेऊन आला तेव्हा काका हॉलमध्ये सोफ्यावर होते आणि त्यांच्या मांडीवर तीन पुस्तकं होती.

आता इथे जरा थांबायला हवं. ती तीन पुस्तकं कुठून आली हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. निम्म्याला पुस्तकं दिसली. त्यांच्या कडा पाण्याने फुगलेल्या दिसल्या. पण काकांनी तोंड उघडलं होतं, आणि काकांनी तोंड उघडलं की निम्म्याला दुसरं काही दिसत नाही.

"मासा बघायला आत गेलो," काका म्हणाले. "आणि काय बघतो? सरस्वतीला झाकण केलंय यांनी. ही पुस्तकं बघ. एकाचं पान फाडलेलं नाही."

"पानं फाडायची असतात का?"

"उलट बोलू नको. उघडून बघितलंस कधी? सांग, हे काय आहे?" काकांनी मधलंच एक पान उघडून आकृतीवर बोट ठेवलं.

"गिअर."

"कुठला?"

"तुम्ही सांगा."

काकांनी पुस्तक मिटलं. "मला कशाला माहीत हवं? माझं झालं सगळं. तुझ्या वयात मी घर चालवत होतो."

"माझ्या वयात तुम्ही आजोबांच्या ओळखीने बँकेत चिकटला होतात. घर आजोबाच चालवत होते. बाबांनी सांगितलंय."

(वडिलांनी हे सांगितलं नव्हतं. निम्म्याने ते स्वतःच काढलं होतं. खरं मात्र होतं.)

काका लाल झाले. मग त्यांनी घराण्याचं काढलं, संस्कारांचं काढलं, आईच्या लाडांचं काढलं. आईने चहा आपटून ठेवला. निम्म्याने सायकलच्या दुकानाचं सांगितलं. काकांना 'पंक्चर' एवढा एकच शब्द सापडला आणि तो त्यांनी बऱ्याच वेळा वापरला. पुस्तकं आपण घेऊन जाणार, शेजारच्या होतकरू मुलाला देणार, असंही जाहीर केलं. निम्म्या म्हणाला, "न्या." तो 'न्या' असा ठणकावून म्हणाला की त्याला स्वतःला बरं वाटलं. अर्धा तास तरी हे चाललं. त्या अर्ध्या तासात आतल्या खोलीत प्लॅस्टिकचं एक झाकण वाऱ्यावर सोडलेलं होतं.

मग आई फडकं आणायला आत गेली आणि दारातच थांबली.

"निम्म्या," ती शांतपणे म्हणाली. "ती टाकीत नाही."

निम्म्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो धावला. झाकण तिरकं झालं होतं, कोपऱ्यात हाताएवढी फट होती. पाइप रिकामा. दगडामागे काही नाही. फरशीवर ओली, बुळबुळीत रेघ होती. ती कॉटखालून निघाली, दारातून बाहेर पडली, पॅसेजमधून वळली आणि मागच्या दाराशी, पायपुसण्यावर, संपली. मागचं दार उघडं होतं. बाहेर जिन्याच्या पायरीवर इमारतीचा बोका बसला होता. तो जिभल्या चाटत होता.

निम्म्याने बोक्याकडे पाहिलं. बोक्याने निम्म्याकडे पाहिलं आणि तोंडावरून पंजा फिरवला.

"गेली," हॉलमधून काका म्हणाले. त्यांनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले होते. "मांजराने खाल्ली. त्याचं पोट बघ."

"त्याचं पोट नेहमीच तसं असतं."

"मग सापडली का?"

निम्म्याने घर उलटंपालटं केलं. कपाटाखाली बघितलं, चपलांच्या फळीमागे, वॉशिंग मशीनखाली. बाथरूमचं दार आतून बंद होतं. त्याने वाजवलं.

"आई? तिकडे आहे का ती?"

आतून उत्तर आलं नाही. नळ जोरात सुटला. आई चिडली की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निम्म्याने दार पुन्हा वाजवलं नाही.

तो खोलीत येऊन टाकीसमोर स्टुलावर बसला. पंप चालू होता. रिकाम्या पाण्यात बुडबुडे येत होते. त्याला रडू येत होतं आणि ते कॉलेजसाठी येत नव्हतं. उद्या सकाळी बाबा चिमटा घेऊन इथे बसतील, एवढंच त्याच्या डोळ्यासमोर येत होतं. आता ते रजा कुणाकडे मागणार.

"साडेतीन झाले," काका दारात येऊन म्हणाले. (पाय उचलून टाकत, रेघ चुकवत आले होते.) "तुझ्या बापाने सांगितलंय मला तुमचं काय ठरलंय ते. अर्थात तुझं काय, तू निम्म्या. म्हणशील, प्रेत दाखवा."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. निम्म्याकडे पगार नव्हता, डिग्री नव्हती, सकाळी उठायची सवय नव्हती. एकच गोष्ट होती. वडीलधारी माणसं शब्द फिरवतात आणि आपण फिरवत नाही. याच एका जागेवर उभा राहून तो आजवर सगळ्यांवर दगड मारत आला होता. ती जागा सोडली असती तर दगड मारायला कुठून मारणार?

तो उठला. शर्ट बदलला.

"स्कूटर काढा," म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्या घराला ऐकू जावं म्हणून म्हणाला, "आई, वाम मेली. मी कॉलेजला चाललोय. शब्द म्हणजे शब्द."

बाथरूममधला नळ बंद झाला. मग नळ पुन्हा सुरू झाला.

कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आजच सुचलं?"

"घरात मयत झाली," निम्म्या म्हणाला.

बाईंचा चेहरा मऊ झाला. "जवळचं कुणी?"

"मॅडम होत्या."

पालकाच्या जागी काकांनी सही केली. सही करताना त्यांनी इतका वेळ लावला की मागच्या पोराने विचारलं, "आजोबा, चित्र काढताय का?" शिक्का बसला तेव्हा पाचला पाच मिनिटं होती. निम्म्याने बाहेर येऊन मित्राला फोन केला. "किल्ली घेऊ नको." मित्र म्हणाला, "घेतली रे आत्ताच." निम्म्या म्हणाला, "मग दुसरा कुणी बघ." मित्राने बघितला. संध्याकाळच्या आत बघितला.

काकांनी त्याला घराखाली सोडलं आणि पुस्तकं घेऊन होतकरू मुलाकडे गेले. निम्म्या जिना चढला. जिन्यात आई भेटली, वरून येत होती.

"सापडली का?" ती म्हणाली. "मी वरच्या काकूंकडे आहे तेव्हापासून. सापडल्याशिवाय घरात पाय ठेवणार नाही."

निम्म्या पायरीवरच थांबला. "तू बाथरूममध्ये होतीस ना?"

"मी? साप सुटलेला असताना? ती टाकीत नाही म्हटलं आणि मागच्या दाराने जी निघाले ती थेट वर. दार तर आधीच उघडं होतं."

निम्म्या वर गेला. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत टाकीसमोर स्टुलावर वडील बसले होते. बाह्या दंडापर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत ओली. शेजारी निळी बादली, रिकामी. झाकणावर वरवंटा होता. आणि पाइपमधून मॅडम तोंड बाहेर काढून वडिलांकडे बघत होत्या. उघडत होत्या. मिटत होत्या.

"पायपुसण्यावर होती," वडील टाकीकडे बघत म्हणाले. "मी मागच्या दाराने आलो तर समोरच. टॉवेलात धरली. बादली होतीच तुझी, मुरवलेली. चांगली सवय आहे ती तुझी."

"तुम्ही या वेळेला घरी कसे?"

"अर्धी रजा घेतली. मॅडमकडे मागितली आणि त्यांनी दिली. म्हणाल्या, आधी का नाही मागितली." वडिलांना अजून त्याचं आश्चर्य वाटत होतं. "म्हटलं, आज तुझा दिवस आहे. पाच वाजता घरी असावं."

"आणि मागच्या दाराने का?"

"खाली दादाची स्कूटर दिसली."

"तुम्ही बाथरूममध्ये होतात. मी दार वाजवलं."

"मी नळ सोडला."

"का?"

"बोललो असतो तर दादाला कळलं असतं ना, मी घरात आहे ते. कचेरी सोडून आलोय. त्याने विचारलं असतं."

"मी कॉलेजला चाललो म्हणून ओरडून सांगितलं. ते ऐकलंत?"

"ऐकलं. ऐकूनच तर नळ बंद केला मी."

"मग?"

वडिलांनी चिमट्यात तुकडा घेतला, पुन्हा खाली ठेवला. "मला वाटलं, तू काहीतरी थाप मारून दादाला वाटेला लावशील. मग मी बाहेर येईन आणि तुला बादली दाखवीन. तुझ्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. कुणीही केलं असतं." त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तू खरंच जाशील असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"फोन होता तुमच्या खिशात. दीड तास."

वडिलांनी तुकडा पाण्यात सोडला. मॅडमनी तो घेतला. त्या दीड तासात वडिलांच्या मनात काय होतं, भावाची भीती की पोराची डिग्री, हे निम्म्याला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. फार करून दोन्ही असावं. भित्र्या माणसाचं असंच असतं. त्याच्या भीतीतून कधीकधी त्याच्याच मनासारखं घडतं आणि मग दोष कुणाला देणार. म्हणून सुरुवातीलाच देऊन टाकला.

"पण तू जिंकलास," वडील म्हणाले. "पाच वाजले आणि ती जिवंत आहे. मी शब्द पाळणार. कॉलेजचं नाव मी तुझ्यापाशी पुन्हा काढणार नाही."

आणि खरंच नाही काढलं. रोज सकाळी ते फक्त चिमटा घेऊन टाकीसमोर बसत आणि म्हणत, "मॅडम, जरा त्याला उठवा. आठची बस आहे."

पुस्तकं होतकरू मुलाने आठ दिवसांत परत केली, त्याला कॉमर्सला जायचं होतं. ती पुन्हा झाकणावर गेली, कारण आईला वरवंटा हवा होता. अभ्यासाला म्हणून निम्म्या एखादं उचलायला गेला की वडील खुर्चीतून अर्धे उठत. "नको नको. मॅडम जातील." मग त्याने मित्रांची पुस्तकं मागून अभ्यास केला. मित्राचं सायकलचं दुकान चांगलं चालतं. डिग्री शेवटपर्यंत नेली तरी पोराचं निम्म्या हे नाव गेलं नाही, काकांनी जाऊ दिलं नाही. मॅडम अजून आहेत. त्या निम्म्याला तीन वर्षांना पडल्या.